तारेला ओवलेल्या पावत्या आणि '#इफडेफ'चा इतिहास

१/ मित्रहो, धाग्यांच्या या मालिकेत आपण बहुधा किल्ले, तह आणि ताम्रपट यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. तो आहे संगणकाच्या आज्ञावलीतील एका छोट्याशा अटीचा. तिला '#इफडेफ' म्हणतात. २००९ साली अशी एक अट मी निरुपयोगी समजून खोडली. त्यापायी एका वृद्ध बाईंना स्वतःच्याच पावत्या खऱ्या आहेत हे पटवून देण्यासाठी साखर कारखान्याच्या कचेरीत तीन हेलपाटे घालावे लागले. आपण नेमके काय खोडले हे कळण्यासाठी मला काही दशकांचा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास आणि ती चूक, दोन्ही येथे मांडतो.

२/ प्रथम मूळ प्रश्न. आपण लिहितो ती आज्ञावली माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. 'कंपायलर' नावाचा प्रोग्रॅम तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. अडचण अशी की यंत्रांची भाषा एक नाही. एका यंत्रात संख्या एका रीतीने साठते, दुसऱ्यात दुसऱ्या. एका प्रणालीत एखादे काम करणारी आज्ञा एका नावाची, तर शेजारच्या प्रणालीत त्याच कामाला दुसरे नाव. मग एकच मजकूर सर्वत्र चालावा कसा? प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र प्रत ठेवली, तर एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांना हे दुखणे शतकानुशतके ठाऊक होते.

३/ १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स ही प्रणाली लिहायला घेतली. ती त्या यंत्राच्याच भाषेत होती. पुढे पीडीपी-११ हे नवे यंत्र आले, तेव्हा ती नव्याने लिहावी लागली. दरम्यान डेनिस रिची 'सी' ही भाषा घडवीत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा 'सी'मध्ये पुन्हा लिहिला गेला. प्रणालीचा गाभा यंत्राच्या भाषेतच लिहावा, ही त्या काळची रूढी होती. तिच्यापासून सुटका झाल्यावर प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची कल्पना आवाक्यात आली.

४/ याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, 'सी'ला प्रीप्रोसेसर मिळाला. तो कंपायलरच्या आधी मजकुरावरून हात फिरवतो. रिची यांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे की यामागे अंशतः ॲलन स्नायडर यांचा आग्रह होता. आरंभी त्याला दोनच कामे येत: दुसऱ्या फाइलीतील मजकूर आणून जोडणे, म्हणजे '#इन्क्लूड', आणि एका नावाच्या जागी दुसरा मजकूर घालणे, म्हणजे '#डिफाइन'. या दुसऱ्या प्रकारच्या नावाला 'मॅक्रो' म्हणतात. पुढे प्रामुख्याने माइक लेस्क आणि त्यानंतर जॉन रायझर यांनी त्यात भर घातली, आणि 'अट पाहून मजकूर घेणे किंवा गाळणे' हे सामर्थ्य आले. सुरुवातीची काही वर्षे प्रीप्रोसेसर ऐच्छिकच होता. फाइलीच्या आरंभी विशिष्ट खूण असेल तरच तो जागा होई.

५/ ही अट चालते कशी? '#इफडेफ' म्हणजे 'पुढील नाव कोणी व्याख्यित केले आहे काय?' केले असेल तर त्याखालचा मजकूर ठेवायचा; नसेल तर '#एल्स'च्या खालचा घ्यायचा; '#एंडइफ' आले की अट संपली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गाळलेला मजकूर कंपायलरला दिसतच नाही. त्यात चुका असोत, अपुरी वाक्ये असोत, कंपायलर हूं की चूं करीत नाही. त्यामुळे गाळलेली बाजू वर्षानुवर्षे कुजत राहिली तरी कोणाला वास येत नाही.

६/ इतिहासाच्या वाचकांना हे अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. वर स्वीकारलेला पाठ आणि तळाशी निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद, अशी तिची रचना आहे. '#इफडेफ' हाही पाठभेदच. पण तो तळटीपेत नसतो. तो संहितेच्या मधोमध बसतो आणि म्हणतो, 'अमुक यंत्र असेल तर हा श्लोक वाचा, नाहीतर तो वाचा.' असे दहा पाठभेद परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर १,०२४ निरनिराळ्या संहिता संभवतात. वीस असतील तर १०,४८,५७६. एवढ्या सगळ्या वाचून पाहिलेला संपादक अजून जन्माला यायचा आहे.

७/ आता माझ्या कथेकडे वळतो. २००९ साली मी पुण्यातील एका लहान कंपनीत नव्याने लागलो होतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊसनोंदीची आज्ञावली आमच्याकडे होती. ऊस काट्यावर येतो, भरलेल्या गाडीचे वजन होते, रिकाम्या गाडीचे होते, वजाबाकी करून निव्वळ वजन सभासदाच्या खात्यावर चढते आणि पावती हाती पडते. ही नोंद १९९१-९२ च्या गळीत हंगामापासून संगणकावर होत आली होती. पहिले यंत्र मोटोरोला ६८०३० या प्रोसेसरचे आणि युनिक्सवर चालणारे होते. मी लागलो त्याच्या कितीतरी आधी ते भंगारात गेले होते.

८/ माझ्यावर काम आले ते साफसफाईचे. आज्ञावलीत जागोजागी '#इफडेफ एम६८के' अशी अट होती. त्या नावाचे यंत्र आता नाही, हे सर्वांना ठाऊक होते. मी कंपनीतील प्रत्येक फाइल धुंडाळली. 'एम६८के' हे नाव कोणीच व्याख्यित करीत नव्हते. ज्या नावाला कोणी हाक मारीत नाही ते मेलेलेच, असा सरळ हिशेब करून मी त्या सगळ्या अटी आणि त्यांच्याखालचा मजकूर काढून टाकला. आज्ञावली कंपाइल झाली, चालली, आणि माझी पाठही थोपटली गेली. नवी प्रत कारखान्यावर गेली.

९/ त्या अटीखाली काय होते हे समजण्यासाठी पुन्हा इतिहासात जावे लागेल. साल १९७७. बेल लॅब्जमधील स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या सर्वस्वी वेगळ्या घराण्याच्या यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडेटा ७/३२ वर नेले. प्रणाली यंत्रापासून सुटी करता येते, हे या प्रयोगांनी सिद्ध झाले. जॉन्सन आणि रिची यांनी १९७८ साली या अनुभवावर निबंध प्रसिद्ध केला. 'सी' भाषेतील कोणत्या सवयी एका यंत्राला चिकटलेल्या होत्या, हेही या स्थलांतरात उघडे पडले.

१०/ अशा स्थलांतरात आढळणाऱ्या एका दोषाला संगणकविश्वात 'नक्सी' हे गमतीदार नाव आहे. दोन बाइटची संख्या साठवताना मोठा बाइट आधी ठेवायचा की लहान, याबाबत यंत्रांचे एकमत नाही. 'यू-एन-आय-एक्स' ही चार अक्षरे दोन-दोन बाइटच्या जोड्यांत साठवली आणि उलट रीतीच्या यंत्रावर वाचली, तर प्रत्येक जोडीतील अक्षरे आपापसांत जागा बदलतात आणि पडद्यावर 'एन-यू-एक्स-आय' उमटते. १९८० साली डॅनी कोहेन यांनी या दोन पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' अशी नावे दिली. ती स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून आली आहेत. तिथे अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्ध पेटते. मोटोरोलाचे ६८००० घराणे 'मोठा आधी' पंथाचे. इंटेलचे ८०८६ घराणे 'लहान आधी' पंथाचे.

११/ कारखान्याच्या जुन्या फाइली मोटोरोला यंत्राने लिहिल्या होत्या. नवे यंत्र इंटेल घराण्याचे. सभासद क्रमांक अक्षरांत लिहिलेला असल्याने तो दोन्हीकडे सारखाच वाचला जाई. वजन मात्र दोन बाइटच्या संख्येत होते. म्हणून माझ्या आधी कोणीतरी शहाण्या माणसाने 'एम६८के'च्या अटीखाली एक छोटी तजवीज केली होती: जुन्या हंगामाची फाइल वाचताना बाइटची अदलाबदल करायची. मी खोडली ती ही तजवीज. मला वाटले, ही मेलेल्या यंत्राची सोय आहे. प्रत्यक्षात ती त्या यंत्राने मागे ठेवलेल्या कागदपत्रांची किल्ली होती.

१२/ त्या वर्षी कारखान्याने जुन्या हंगामांच्या परतीच्या ठेवी सभासदांना वाटण्याचे ठरवले. ऊसबिलातून दर टनामागे काही रक्कम कापून ठेवलेली असे. ती आता टनांच्या प्रमाणात परत द्यायची होती. १९९१-९२ ची यादी आमच्या आज्ञावलीने काढली. यादी लागली आणि काही दिवसांनी एक आजी कचेरीत आल्या. यजमान वारले होते, खाते त्यांच्या नावाने होते. हातात लोखंडी तारेला ओवलेल्या पावत्यांचा जुडगा होता. एका पावतीवर निव्वळ वजन १७,४५० किलो होते. यादीत त्याच दिवसाच्या त्याच खेपेला १०,८२० किलो.

१३/ शेतकी विभागातील कारकुनाने त्यांना परत पाठवले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याने पुण्याला दूरध्वनी केला. फोन मी उचलला. माझे उत्तर मला आजही शब्दशः आठवते, कारण ते विसरता येत नाही. मी म्हणालो, "संगणक बेरीज चुकत नाही. पावत्या जुन्या आहेत, शाई उडाली असेल, आकडा नीट वाचला जात नसेल." त्या पावत्या मी पाहिल्याही नव्हत्या.

१४/ तिसऱ्या वेळी मी योगायोगाने तेथेच होतो. आजींनी तार टेबलावर ठेवली. शाई उडालेली नव्हती. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "काटा तुमचा, पावती तुमची, मशीनबी तुमचंच. मग खोटं कोण बोलतंय, ते तुमचं तुम्हीच ठरवा." त्या बसल्या नाहीत. पाणीही घेतले नाही. मी तारेतील दुसरी पावती पाहिली: १८,००० किलो. यादीत २०,५५०. म्हणजे एका खेपेत वजन घटले होते आणि एकीत वाढले होते. एखाद्याने लबाडी केली असती तर ती एकाच दिशेने केली असती.

१५/ मग मी पूर्ण यादी छापून घेतली आणि एकेक ओळ वाचू लागलो. चौथ्या पानावर एक नोंद होती. वाहन: बैलगाडी. निव्वळ वजन: ३३,८०० किलो. तेहतीस टन ओढणारे बैल कोणी पाहिले आहेत? कागद घेऊन हिशेब केला. २,१८० किलो म्हणजे आठ गुणिले २५६ अधिक १३२. बाइट उलटे केले तर १३२ गुणिले २५६ अधिक आठ, म्हणजे ३३,८००. मग आजींचा आकडा घेतला. १७,४५० म्हणजे ६८ गुणिले २५६ अधिक ४२. उलट केल्यावर ४२ गुणिले २५६ अधिक ६८. उत्तर १०,८२०. यादीतील प्रत्येक वजन असेच उलटे झाले होते. माझ्या तळहातांना घाम फुटला.

१६/ पण कोडे उरलेच. मी अट खोडली तेव्हा 'एम६८के' हे नाव कोणीच व्याख्यित करीत नव्हते ना? मग पूर्वी ती तजवीज चालत होती कशी? कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या काकांना बोलावणे धाडले. ते सायकलवरून आले. म्हणाले, "जुन्या हंगामाची यादी काढायची असेल तेव्हा मी आज्ञावली इथेच वेगळी कंपाइल करायचो. कंपाइल करताना ते नाव आज्ञेतच द्यायचं. माझी छोटी फाइल आहे, त्यात लिहून ठेवलंय." ती फाइल कारखान्यावर होती, कंपनीत नव्हती. मी विचारले, "काका, हे कुणाला सांगितलं नाही?" ते शांतपणे म्हणाले, "कुणी विचारलं नाही."

१७/ येथे प्रीप्रोसेसरचा सर्वांत घातक स्वभाव दिसतो. काकांची फाइल नव्या प्रतीवरही इमानाने 'एम६८के' हे नाव देत होती. पण ते नाव विचारणारी अटच मी काढून टाकली होती. अशा वेळी प्रीप्रोसेसर तक्रार करीत नाही. कोणी न विचारलेले नाव दिले तरी तो गप्प, आणि कोणी न दिलेले नाव विचारले तरी गप्प. '#इफ'मध्ये अनोळखी नाव आले तर प्रमाणित 'सी' त्याचे मूल्य शून्य धरते. नावात एका अक्षराची चूक झाली तरी तेच. खरे तर १९८९ च्या प्रमाणित 'सी'त '#एरर' नावाची सोय आहे: 'या अटीत काही जुळत नसेल तर येथेच थांब आणि ओरड.' मी ती वापरली नव्हती. मला ती ठाऊकही नव्हती.

१८/ त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि कळले की ही ठेच बऱ्याच जणांना लागली आहे. १९८० च्या दशकात युनिक्सच्या दोन मोठ्या शाखा झाल्या: बर्कली विद्यापीठाची बीएसडी आणि एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह. शब्दात एखादे अक्षर शोधणाऱ्या आज्ञेला एकीकडे 'इंडेक्स' म्हणत, दुसरीकडे 'स्ट्रसीएचआर'. आज्ञावली लिहिणारे अटी घालत गेले: बीएसडी असेल तर हे, सिस्टिम फाइव्ह असेल तर ते. मग बीएसडीतून सिस्टिम फाइव्हची काही अंगे उचलणारी यंत्रे आली, आणि 'तू कोणत्या घराण्याचा?' या प्रश्नाला सरळ उत्तरच उरले नाही.

१९/ १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतले. त्यातील विचार सोपा आणि खोल आहे. यंत्राला नाव विचारू नका; 'तुझ्याकडे ही सोय आहे काय?' असे विचारा. ऑटोकॉन्फने तयार केलेला प्रोग्रॅम यंत्रावर लहान लहान चाचण्या करतो आणि निकाल 'हॅव' या शब्दाने सुरू होणाऱ्या मॅक्रोंत लिहून ठेवतो. नावावर विसंबण्यातील धोका आजही दिसतो. 'जीएनयूसी' या नावाचा मॅक्रो जीसीसी या कंपायलरची ओळख म्हणून होता; पण जीसीसीसाठी लिहिलेला मजकूर आपल्यालाही चालावा म्हणून क्लँग हा वेगळा कंपायलरही तोच मॅक्रो मिरवतो. विंडोज ६४ बिटची झाली तरी 'विन३२' हा मॅक्रो तेथे कायम आहे. नाव एक, माणूस दुसरा. बखरी वाचणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

२०/ १९९२ साली हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी यूसनिक्सच्या परिषदेत '#इफडेफ हानिकारक' अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध सादर केला. शीर्षकात डाइक्स्ट्रा यांच्या 'गो टू' आज्ञेवरील १९६८ च्या गाजलेल्या पत्राची आठवण होती. 'सी न्यूज' ही आज्ञावली नाना यंत्रांवर नेण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचे सांगणे असे: संहितेत ठिकठिकाणी अटी पेरू नका. आपल्याला हवी असलेली सोय एका ठरलेल्या नावाने मागा, आणि प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळ्या फाइलीत बंदिस्त ठेवा. लिनक्सच्या गाभ्यासाठी लिहिणाऱ्यांनाही आज हाच दंडक आहे: अटी शक्य तो मूळ 'सी' फाइलींत नकोत, त्या हेडर फाइलींत असाव्यात.

२१/ तरीही '#इफडेफ'ला सरसकट खलनायक ठरवणे अन्याय्य होईल. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या सुरक्षा-संचातील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. ज्यांना नवी आवृत्ती लगेच घेता येत नव्हती, त्यांना एक उपाय सांगितला गेला: 'ओपनएसएसएल_नो_हार्टबीट्स' हे नाव व्याख्यित करून पुन्हा कंपाइल करा. एका मॅक्रोने सदोष भाग गळून पडत होता. त्याच महिन्यात ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिब्रेएसएसएल नावाची शाखा काढली आणि ओएस/२, व्हीएमएस, नेटवेअर अशा जुन्या प्रणालींसाठीचा मजकूर झपाट्याने छाटला. त्यांची तक्रार हीच होती की एवढ्या जंजाळात मूळ संहिता वाचताच येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. छाटणी आवश्यक असते. पण छाटणाऱ्याला फांदी कोणत्या मुळाची आहे हे ठाऊक असले पाहिजे.

२२/ मग मी काय केले? पहिल्यांदा वाटले, खोडलेली अट परत घालावी. पण मूळ दोष त्या अटीतही होता. तिने यंत्राचे नाव विचारले होते, फाइलीची स्थिती नाही. यंत्र गेले की नाव निरर्थक वाटू लागते. फाइल मात्र उरते. म्हणून अटीचा आधारच सोडला. जुनी फाइल वाचताना पहिला बाइट घ्यायचा, त्याला २५६ ने गुणायचे आणि त्यात दुसरा बाइट मिळवायचा. हे गणित मोटोरोलावर करा की इंटेलवर, उत्तर एकच. फाइल कोणत्या रीतीने लिहिली आहे एवढे ठाऊक असले की वाचणारे यंत्र कोणते याने फरक पडत नाही. पाठभेद नाहीसा झाला, कारण प्रश्नच नीट विचारला गेला. आणि ती फाइल कोणी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या रीतीने लिहिली, हे काकांना विचारून मी आज्ञावलीच्या माथ्यावर मराठीत लिहून ठेवले.

२३/ यादी पुन्हा काढली. या वेळी कारखान्याचा १९९१-९२ चा छापील वार्षिक अहवाल शोधून त्यातील हंगामाच्या एकूण उसाशी बेरीज ताडून पाहिली, जुळली. हे मी पहिल्याच वेळी करू शकलो असतो. अहवाल कचेरीच्या कपाटातच होता. दुसऱ्या, स्वतंत्र साधनाशी पडताळा घेणे हा इतिहासाचा पहिला धडा, आणि तो मी पोथ्यांना लावत होतो, यंत्राला लावत नव्हतो. ठेवींचे वाटप सुरू होण्याआधीच दुरुस्ती झाली, एवढेच दैव. पण विचार करा: यादीतील सगळी वजने चुकलेली होती, आणि तक्रार एकच आली. बाकीच्यांनी पावत्या ठेवल्या नव्हत्या, किंवा ठेवूनही संगणकापुढे मान तुकवली होती. ज्यांची वजने वाढली होती ते अर्थातच बोलले नाहीत.

२४/ दुरुस्त यादी घेऊन मी आजींच्या घरी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितले. बाइट आणि पंथ यांचे काही बोललो नाही. म्हणालो, "जुन्या मशीनचे आकडे नवीन मशीन उलटे वाचत होतं. ते सरळ वाचायची सोय होती, ती मी काढून टाकली." त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग काढताना कुनाला इचारलं न्हाई व्हय?" काकांनी जे उत्तर म्हणून सांगितले होते, तेच आता प्रश्न होऊन समोर आले होते. मी नाही म्हणालो. त्यांनी चहा ठेवला. तार पुन्हा खुंटीला अडकवली.

२५/ मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण उद्या जुन्या नोंदी, जुन्या फाइली, जुन्या आज्ञावल्या हाताळतील. नकोसे दिसले तर जरूर काढा. पण आधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी घातले? कोणत्या अडचणीसाठी घातले? ती अडचण खरोखर संपली आहे, की फक्त ती ओळखणारी माणसे निवृत्त झाली आहेत? ती आज्ञावली आजही चालते. तिच्यात बदल करणाऱ्या प्रत्येकाला आधी एक चाचणी पार करावी लागते. त्या चाचणीत जुन्या फाइलीतील एक नोंद वाचली जाते आणि उत्तर १७,४५० आले नाही, तर काम तेथेच थांबते. हा आकडा कुठून आला, असे नवी मुले विचारतात. मी त्यांना तारेची गोष्ट सांगतो. धागा येथे पूर्ण करतो.